साष्टीचा ओवीकार पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. येथील माल गाड्यांवरून भडोच बंदरात जाई आणि तेथून जहाजांनी पश्चिमेकडे. त्याच शतकात सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करण्याची येशूची आज्ञा शिरावर घेऊन संत पॉल पश्चिमेच्या समुद्रात व्यापारी जहाजांनीच फिरत होता. त्याला एक मोठी सोय होती. तो जाई तेथे बहुतेक ठिकाणी ग्रीक भाषा समजत असे. पुढे पंधराशे वर्षांनी गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांना ती सोय नव्हती.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक पंथीयांवर कडक निर्बंध होते. स्टीफन्स यांनी मायदेश सोडून रोम गाठले व 1575 मध्ये जेझुइट संघात प्रवेश केला. 4 एप्रिल 1579 रोजी ते लिस्बनहून निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरले. या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज होत.

त्यांना आणणारे जहाज पोर्तुगीज सत्तेचे होते आणि त्या सत्तेची पद्धत कठोर होती. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन झाले होते. साष्टी तालुक्यातील देवळे जमीनदोस्त झाली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती. 1583 च्या जुलैमध्ये याच तालुक्यातील कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांचा संताप उसळला. रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले. त्यानंतर बोलणी करण्यासाठी बोलावलेल्या गावप्रमुखांना पोर्तुगीजांनी ठार केले. स्टीफन्स यांच्या आयुष्याची पुढील बहुतेक वर्षे याच साष्टीत गेली.

दहशतीने माणसे चर्चमध्ये आणता येतात, शिष्य करता येत नाहीत, याची प्रचीती तेथे पदोपदी येत होती. स्टीफन्स यांनी वेगळी वाट धरली. शिष्य करण्यापूर्वी ते स्वतः शिष्य झाले. त्यांनी कोकणी आत्मसात केली, मराठीच्या पुराणपरंपरेचा अभ्यास केला. भारतीय भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य त्यांनी 1583 मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदविले. विल्यम जोन्स यांच्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद 1957 पर्यंत अप्रकाशित राहिली. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते.

नव्या ख्रिस्ती झालेल्यांकडून पोथ्या काढून घेतल्या गेल्या, पण ऐकण्याची भूक कशी काढून घेणार? ‘ख्रिस्तपुराण’ त्या भुकेला दिलेले उत्तर होते. ज्ञानेश्वर-एकनाथांनी घराघरांत पोहोचविलेल्या ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 मध्ये रायतूर येथे छापला गेला. देवनागरी खिळे नसल्याने तो रोमन लिपीत निघाला. त्यातील येशू वैकुंठाची भाषा बोलतो आणि मराठीची थोरवी मोगरा, कस्तुरी व मोर यांच्या तोलाने गाइली जाते.

तथापि, स्टीफन्स हे त्या राजवटीबाहेरचे नव्हते. जुन्या दैवतांविषयीचा त्या काळच्या चर्चचा अनुदार भाव त्यांच्या ग्रंथातही आहे. ज्या सत्तेने देवळे पाडली, तिच्याच आश्रयाने त्यांचे कार्य चालले. परंतु ऐकणाऱ्याच्या जिभेचा मान राखल्याविना मनाचे दार उघडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. सत्तेने ते ओळखले नाही. 1619 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला.

तो हुकूम कागदावर राहिला. कोकणी टिकली, ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रतीही भाविकांनी जपल्या आणि 1907 मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले. सत्तेच्या जहाजातून आलेला हा प्रवासी मराठी वाङ्मयात राहिला, तो या ओव्यांच्या बळावर.