सर विल्यम हिलरी : बुडत्यांचा कैवारी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं समुद्र पाहिला नसेल. तथापि पावसाळ्यांत नदीला पूर आला, पैलतीरीं कोणी अडकला, आणि गांवांतील चार पोहणारे कमरेला दोर बांधून पाण्यांत शिरले, असें दृश्य बहुतेकांच्या परिचयाचें आहे. अशा वेळीं कांठावर उभे राहून हळहळणारे शेंकडों असतात. उडी घालणारे थोडे. त्या थोड्यांस एकत्र करून त्यांच्या हातीं नीट साधनें देणाऱ्या, आणि ते बुडाले तर त्यांच्या बायकामुलांनीं काय करावें, हा प्रश्न साऱ्या राष्ट्रास विचारणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाचें चरित्र आज थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

सर विल्यम हिलरी यांचा जन्म इ. स. १७७१ मध्यें इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत एका क्वेकर कुटुंबांत झाला. शस्त्र धरूं नये असें मानणारा हा पंथ. पण नेपोलियनच्या स्वारीची धास्ती देशास पडली तेव्हां हिलरी यांनीं १८०३ सालीं एसेक्स परगण्यांत सुमारें १,४०० स्वयंसेवकांची पलटण उभारली आणि तिच्यापायीं पदरचे सुमारें २०,००० पौंड खर्च केले. सरकारानें १८०५ सालीं त्यांस बॅरोनेट हा किताब दिला. परंतु किताबानें कर्ज फिटत नाहीं. संपत्ति गेली, संसारही मोडला, आणि १८०८ सालीं ते इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रांतील मॅन बेटावर डग्लस बंदरीं येऊन राहिले. लोकांच्या दृष्टीनें त्यांचे भाग्याचे दिवस सरले होते.

डग्लसचें बंदर पूर्वेच्या वाऱ्यास उघडें आहे. तुफान सुटलें म्हणजे नांगरलेल्या गलबतांचे दोर तुटावे आणि तीं कॉनिस्टर नांवाच्या खडकावर जाऊन आपटावीं, असें वारंवार घडे. १८२२ सालच्या आक्टोबरांत व्हिजिलंट नांवाचें आरमारी जहाज तेथें सांपडलें. हिलरी यांनीं स्वतः होडी घेऊन, कांहीं धाडसी माणसें जमवून त्यावरील लोकांस साह्य केलें. पुढें डिसेंबरांत रेसहॉर्स हें दुसरें जहाज त्याच बेटाच्या किनाऱ्यावर फुटलें. त्या वेळीं वांचविण्यास गेलेल्यांपैकींच कांहीं जण बुडाले. त्यांच्या मागें राहिलेल्यांची सोय कोणी लावावी, याविषयीं कोणताही नियम नव्हता. त्याच वर्षीं सरकारानें आपलें तटरक्षक खातें उभारिलें होतें खरें, पण चोरटा माल पकडणें हेंच त्याचें मुख्य काम. जीव वांचविण्याचा भार कोळी आणि खलाशी यांच्या दयेवर होता.

हिलरी यांनीं १८२३ च्या फेब्रुवारींत राष्ट्रास विनंती करणारें एक लहान पुस्तक छापलें. किनाऱ्याकिनाऱ्यावर जीवरक्षक होड्या असाव्या, त्यांवर तालीम घेतलेले स्वयंसेवक असावे, धाडस करणारास पारितोषिक मिळावें, आणि जो मरेल त्याच्या कुटुंबास आधार असावा, असा त्याचा आशय होता. शत्रूच्या जहाजांवरील लोकांसही तितक्याच तत्परतेनें वांचवावें, असें त्यांत होतें. आरमारी दरबारानें लक्ष दिलें नाहीं. परंतु लंडनांतील टॉमस विल्सन व जॉर्ज हिबर्ट यांनीं तें मनावर घेतलें, आणि ४ मार्च १८२४ रोजीं बिशप्सगेट येथील लंडन टॅव्हर्नमध्यें मोठी सभा भरली. कॅंटरबरीचे आर्चबिशप अध्यक्षस्थानीं होते. गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणारे विल्बरफोर्स हेही हजर होते. तेथें ही संस्था स्थापन झाली.

दुसऱ्यांस उपदेश करून हिलरी घरीं बसले नाहींत. १८३० च्या नोव्हेंबरांत सेंट जॉर्ज नांवाची आगबोट कॉनिस्टरवर फुटली. साठीस टेंकलेले हिलरी, ज्यांस पोहतां येत नव्हतें, ते जीवरक्षक होडींत चढले. होडी फुटलेली आगबोट आणि खडक यांच्या बेचक्यांत अडकली; एका लाटेनें हिलरी यांस समुद्रांत फेंकलें आणि त्यांच्या कित्येक बरगड्या मोडल्या. त्यांस पुन्हां वर ओढून घेतलें. अडकलेले दोर कुऱ्हाडीनें तोडून होडी सोडविली, आणि आगबोटीवरील २२ माणसें व होडींतील सर्व जण जिवंत किनाऱ्यास आले. नंतर १८३२ सालीं हिलरी यांनीं त्याच खडकावर एक बुरूज बांधविला. सुटका होईपर्यंत बुडत्यांस आसरा मिळावा म्हणून त्यांत भाकर, गोडें पाणी व मदतीसाठीं घंटा ठेविली.

धैर्याबद्दल संस्थेचीं तीन सुवर्णपदकें मिळवूनही हिलरी ५ जानेवारी १८४७ रोजीं डग्लस येथें दारिद्र्यांत वारले. त्या वेळीं संस्थाही क्षीण झाली होती. १८५४ सालीं तिची पुन्हां व्यवस्था लागली, नांवही बदललें, आणि त्याच सुमारास बुचाचें जाकीट निघालें. १८६१ सालीं व्हिटबी येथें जीवरक्षक होडी उलटून १३ पैकीं १२ जण मेले. एकटा हेन्री फ्रीमन वांचला. नव्या तऱ्हेचें जाकीट घातलेला तोच एकटा होता.

इंग्लंडांत आज तटरक्षक खात्याकडे संकटाची वर्दी येते, आणि तें या संस्थेच्या होड्यांस बोलावितें. होडींतले बहुतेक लोक अद्यापि बिनपगारी आहेत. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, हांक येतांच काम टाकून धांवतात. २०० वर्षांत १,४६,००० हून अधिक जीव वांचले. मौजेसाठीं नौका हांकणारांसही ते शिकवितात : जाकीट घाला, हवा पाहून निघा, केव्हां परतणार तें किनाऱ्यावर सांगून जा, आणि पाण्यांत पडलांच तर हातपाय न झाडतां उताणे तरंगून दम घ्या.

ज्या गांवांत नदी आडवी येते, तेथें हें शिक्षण व्यर्थ नाहीं. नावेंत माणसें कोंबूं नयेत. मजबूत दोर व सुके भोपळे एका ठरलेल्या घरीं असावे. कोण पोहतो हें सर्वांस ठाऊक असावें. आणि जो दुसऱ्यासाठीं पाण्यांत उतरतो, त्याच्या घरची चूल विझूं नये, ही जबाबदारी कांठावर उभ्या राहिलेल्या आम्हां सर्वांची आहे.