लोकसभेचे पहिले सभापती : दादासाहेब मावळंकर

आपल्या मंडळाच्या सभेत कोणी तरी अध्यक्षस्थानी बसते. ते काम दिसते तितके सोपे नाही, हे ज्या भगिनींनी एकदा तरी केले असेल त्या जाणतात. जिच्याशी आपले जमते तिला आधी बोलू द्यावेसे वाटते, जिचे बोलणे लांबते तिला आवरावे लागते, आणि तरीही घरी जाताना प्रत्येकीला वाटले पाहिजे की आपले ऐकून घेतले. हेच काम स्वतंत्र भारताच्या लोकसभेत ज्यांनी सर्वांत आधी केले, ते गणेश वासुदेव मावळंकर एका मराठी घरातले होते. वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्यांचे चरित्र थोडक्यात सांगते.

दादासाहेबांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. काही शिक्षण कोकणात राजापूरला व पुढचे अहमदाबादेस झाले. १९०८ साली ते बी. ए. झाले, १९१२ साली कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ पासून अहमदाबादेस वकिली करू लागले. गांधीजी व वल्लभभाई यांच्या सहवासात ते सार्वजनिक कार्यात पडले. खेडा सत्याग्रहात त्यांनी काम केले, अहमदाबाद नगरपालिकेचे ते अध्यक्ष झाले, आणि स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवास सोसला. तेथे भेटलेल्या गुन्हेगार कैद्यांच्या सुखदुःखांवर त्यांनी गुजरातीत एक पुस्तक लिहिले. ज्याच्याकडे जग पाठ फिरवते त्याचेही ऐकून घ्यावे, हा गुण त्यांच्या अंगी असा होता.

१९३७ साली ते मुंबई विधानसभेचे सभापती झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी काँग्रेसने त्यांना उभे केले. त्यांना ६६ मते मिळाली आणि सर कावसजी जहांगीर यांना ६३. केवळ तीन मतांनी मिळालेली ती खुर्ची! अर्धे सभागृह आपल्या विरुद्ध आहे हे जाणूनच त्यांना तिच्यावर बसायचे होते. स्वातंत्र्यानंतर, नोव्हेंबर १९४७ मध्ये, घटना समितीच्या कायदेविषयक बैठकींचे सभापतीही तेच झाले.

पुढे १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. आपला बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. चार वर्षांपूर्वीपर्यंत येथे निजामाची सत्ता होती आणि आपल्या अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. येथल्या साध्यासुध्या बायाबापड्यांना खासदार निवडण्याचा अधिकार तेव्हा प्रथमच मिळाला. त्या मतांतून जी लोकसभा बनली, तिने १५ मे १९५२ रोजी दादासाहेबांना सभापती निवडले. त्यांच्या बाजूने ३९४ व विरुद्ध ५५ मते पडली. विरोधकांनी उभे केलेले उमेदवार शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे हेही मराठीच होते.

सभापतीला इंग्रजीत स्पीकर, म्हणजे बोलणारा, म्हणतात. इंग्लंडात लोकांच्या सभेचे म्हणणे राजापुढे मांडण्याचे काम त्याचे असे, म्हणून हे नाव पडले. प्रत्यक्षात सभागृहात वादात न पडणारा तोच. तो एरवी मत देत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली तरच देतो. इंग्लंडात सभापती झाल्यावर माणूस आपला पक्ष सोडतो. दादासाहेबांनी मात्र काँग्रेस सोडली नाही. पक्षाच्या वादात पडायचे नाही, पण ज्या संस्थेत आयुष्य गेले तिच्याशी नातेही तोडायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती.

पक्षाचा माणूस निःपक्षपाती राहील काय, ही शंका विरोधकांना होतीच. ते आपले स्थगन प्रस्ताव सहसा स्वीकारत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेस आला. लोकसभेच्या सभापतीवर अशी वेळ प्रथमच येत होती. ज्याच्याविरुद्ध ठराव असेल त्याने त्या चर्चेच्या वेळी अध्यक्षस्थानी बसू नये, असे राज्यघटना सांगते. पंतप्रधान नेहरूंनी सभापतींची बाजू घेतली, आणि याकडे पक्षाचा प्रश्न म्हणून पाहू नका असे स्वपक्षीयांनाही सांगितले. ठराव फेटाळला गेला.

आरोप खरा की खोटा, हे एका मतदानाने ठरत नाही. त्यासाठी माणसाचे काम पाहावे लागते. सरकार ऊठसूट वटहुकूम काढू लागले तेव्हा संसदेला असे डावलणे बरे नव्हे, हे दादासाहेबांनी खुद्द नेहरूंना पत्राने कळविले. मंत्री सभागृहात आश्वासने देतात व विसरतात, म्हणून १९५३ साली सरकारी आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती त्यांच्या कारकिर्दीत नेमली गेली. सरकारच्या खर्चाची छाननी करणारी अंदाज समितीही १९५० साली त्यांच्याच काळात सुरू झाली. स्वतःच्या पक्षाच्या सरकारला जाब विचारण्याची साधने त्यांनी विरोधकांच्याही हाती दिली. या समित्या आजही काम करीत आहेत.

आपल्याला विशेष जवळची वाटावी अशी एक गोष्ट सांगायची राहिली. खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी निघालेल्या कस्तुरबा स्मारक निधीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेस हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिकाम्या जागेवर पत्नी सुशीलाबाई त्याच वर्षी पोटनिवडणुकीत लोकसभेवर निवडून गेल्या.

भगिनींनो, तीन मतांनी मिळालेली खुर्ची असो की तीनशे मतांनी मिळालेली, तिच्यावर बसल्यावर ज्यांनी आपल्याला मत दिले नाही त्यांचेही आपण देणे लागतो. पुढच्या सभेत अध्यक्षस्थानी जी कोणी बसेल, तिने आपल्याशी न पटणाऱ्या मैत्रिणीला आधी बोलू द्यावे. दादासाहेबांची आठवण तेवढ्यानेही राखली जाईल.