लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्याच्या घरातून सगळ्यांच्या पंगतीत

मराठी चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला गेलात तर ना. वा. टिळकांचे एखादे भजन कानावर पडण्याची शक्यता मोठी. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या गीतांवर पुष्कळ लिहिले गेले. ज्या घरात ती गीते लिहिली गेली, ते घर मात्र दुसऱ्याच व्यक्तीने चालवले. त्या घरात कोण जेवेल, कोण झोपेल आणि उद्याचे पीठ कुठून येईल, हे लक्ष्मीबाई टिळकांना पाहावे लागे.

मंडळी हा शब्द ख्रिस्ती मराठीत चर्चच्या समुदायासाठी वापरतात. एरवी आपण तो घरच्या माणसांसाठी आणि जमलेल्या लोकांसाठी वापरतो. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आले, पण त्यासाठी त्यांना बरीच वर्षे लागली.

दिंडोरीच्या शेजारचे जलालपूर

दिंडोरी तालुक्याच्या दक्षिणेला नाशिक तालुका लागतो. तिथे गोदावरीच्या काठी, शहराच्या पश्चिमेला जलालपूर आहे. १८६८ मध्ये गोखल्यांच्या घरी तिथे मनकर्णिका जन्मली. घरात मनू. लग्नानंतर ती लक्ष्मी झाली.

या घरावर १८५७ ची सावली होती. त्या वर्षअखेरीस त्र्यंबकेश्वर आणि पेठ-हरसूलच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल आणि कोळ्यांचा उठाव झाला. पेठचे राजे भगवंतराव फासावर गेले. मनूच्या आईच्या वडिलांनाही त्याच धरपकडीनंतर फाशी झाली. घराची झडती आणि नंतरची दहशत यांचा मनूच्या वडिलांवर विलक्षण परिणाम झाला. घर बाटले, ही कल्पना त्यांच्या डोक्यातून कधीच गेली नाही. सोवळे हेच त्यांचे आयुष्य झाले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू पाण्यातून काढायची. धान्य धुवायचे, मीठसुद्धा धुवायचे. मिठाचे काय होत असेल, हे वाचकाने समजून घ्यावे. आज डॉक्टर कदाचित या वागण्याला एखाद्या आजाराचे नाव देतील. त्या काळी त्याला धर्म म्हणत, आणि त्याचा सगळा भार घरातल्या बायकांवर पडे.

म्हणजे ज्या मुलीने पुढे कुणालाही जेवायला बसवले, तिला लहानपणी शिकवले गेले होते ते नेमके उलटे. दुसऱ्याचा स्पर्श म्हणजे संकट.

गंमत अशी की याच नाशिकात तेव्हा ख्रिस्ती वसाहत होती. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी १८५४ मध्ये शरणपूर वसवले. समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे शिकत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात यातली काही मुले होती, आणि १८७३ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत 'नाशिकची मुले' होती. जलालपूरहून शरणपूर काही कोसांवर. पण मीठ धुणाऱ्या घरासाठी ते दुसरे जग होते.

नवरा ख्रिस्ती झाला, बायको का झाली नाही?

अकराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. ते कवी, वक्ते, संस्कृतचे अभ्यासक आणि एका जागी न टिकणारे गृहस्थ. सांगून जाणे त्यांना ठाऊक नव्हते. नोकऱ्या बदलत, गावे बदलत, कधी एकाएकी निघून जात. हातात पैसे आले तर समोरच्या गरजूला देऊन मोकळे होत. घरात काय शिजणार, हा प्रश्न त्यांना क्वचितच पडे. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या आग्रहाने.

१८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांना एक युरोपीय प्रवासी भेटला. त्याने नवा करार हाती ठेवला. टिळक वाचत गेले, ख्रिस्ती लोकांशी पत्रव्यवहार करत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याकडून न घेता तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाकडून घेतला. बायकोला याची आधी कल्पना नव्हती.

लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. मुलगा देवदत्त चार वर्षांचाही झाला नव्हता. आधीची मुले गेली होती. नवरा जिवंत असून नाही, अशी अवस्था. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले, त्या जिवाचे काही बरेवाईट करतील या भीतीने लक्षही ठेवले. पुढची काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात, बहिणीच्या घरी गेला. एकीकडे विठ्ठलाचे देऊळ, दुसरीकडे नवऱ्याची पत्रे.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. नवरा गेला त्या धर्मात बायकोने जावे, अशी अपेक्षा त्या काळात सहज केली जात असे. लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुलासह आल्या तेव्हाही स्वतःचे सोवळे घेऊनच आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. अमेरिकन मराठी मिशनच्या आवारात एक ख्रिस्ती नवरा आणि त्याची ब्राह्मण बायको असा संसार सुरू झाला. टिळकांनी तिच्या सोवळ्याची व्यवस्था लावून दिली. त्यांच्या धांदरट उदारपणाविषयी कितीही तक्रार केली, तरी ही गोष्ट त्यांच्या बाजूने मांडावी लागते.

सोवळे कधी सुटले?

राहुरीत. आणि कुणाच्या प्रवचनाने नव्हे.

गावाबाहेरचे घर, पाण्याची अडचण, आणि रोज तोच खटाटोप. एका रात्री लक्ष्मीबाई विचार करत बसल्या. माणसांची ही उतरंड देवाने रचली की माणसांनी? देवाने रचली असती तर जनावरांसारखी तिची खूण अंगावर दिसली असती. पक्ष्याला पंख, माशाला कल्ले. माणसाला जातीची खूण कुठे? रात्रभर हा हिशेब चालला आणि सकाळपर्यंत उत्तर ठरले. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. ख्रिस्ती होण्यासाठी त्यांनी जात सोडली नाही. जात सुटली, आणि मग त्या नवऱ्याच्या मंडळीत गेल्या. धर्मांतराच्या चर्चेत विचार, श्रद्धा, ग्रंथ यांची नावे घेतली जातात. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत सगळे माठापाशी ठरले, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही.

कारण पुढे त्या घरात जे झाले ते बहुतेक जेवणाशी निगडित होते. दुष्काळाचे आणि प्लेगचे दिवस होते. अनाथ मुले आली. विद्यार्थी आले. टिळक रस्त्यावरून कुणालाही घरी आणत, आणि आणल्यावर त्यांचे काम संपे. जेवायचे, अंथरायचे, आजारपण काढायचे काम लक्ष्मीबाईंचे. प्लेगच्या साथीत मिशनच्या शाळेतल्या आजारी मुलींजवळ त्या राहिल्या. साथीत घरची माणसेही दूर पळत, तेव्हाची ही गोष्ट. आणि ज्या बाईला एकेकाळी परक्याची सावली चालत नव्हती, तिची.

१९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन झाले. तिथे एका कोवळ्या मुलाने सगळ्यांना थक्क केले. त्र्यंबक बापूजी ठोमरे. पुढे टिळकांच्या घरी हाच मुलगा राहायला आला. मराठी वाचक त्याला बालकवी म्हणून ओळखतात. देवदत्त आणि तो जवळपास एकाच वयाचे. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि लक्ष्मीबाईंच्या मायेला त्याने काही फरक पडला नाही.

उपासना मराठी कशी झाली?

अहमदनगरच्या मंडळीत तोवर बरीच गाणी इंग्रजी चालींची होती, शब्द तेवढे मराठी. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन उपासनेत आणले. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ताची कथा सांगता येते, हे दाखवले. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल होता, असे ते सांगत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राचा मराठी विभाग सांभाळला.

एकत्र गाण्यासाठी सगळ्यांना येणारी चाल लागते. संगीत शिकलेल्यांची गाणी शिकलेलेच गातात, पण ओवी जात्यावरच्या बाईलाही येते. महार-मांग वस्तीतून आलेली कुटुंबे आणि टिळकांसारखे ब्राह्मण, एकाच फरशीवर बसून एकच ओळ म्हणत. बाहेरच्या गावात तेव्हा ही माणसे एका विहिरीवर पाणी भरू शकत नव्हती. मंडळीतही जात एका रात्रीत गेली नाही, हे खरे. तरी दर आठवड्याला एकत्र बसण्याची सवय लागली, आणि सवयीचा जोर विचारापेक्षा कमी नसतो.

१९१७ मध्ये टिळकांनी मोठा निर्णय घेतला. मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू करायचे ठरवले. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा बंधुभाव, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही. आजच्या वाचकालाही ही कल्पना धाडसी वाटेल. परदेशी पैशावर न चालणारी आणि दारात धर्माचा दाखला न मागणारी ही मंडळी असणार होती.

फक्त महिन्याचा पगार थांबला. त्यागाची घोषणा एकाने करायची आणि चूल दुसऱ्याने पेटती ठेवायची, हे या संसाराचे जुनेच सूत्र. लक्ष्मीबाईंना काळजी वाटली, त्या बोलल्याही, आणि मग सोबत राहिल्या. त्यांच्या प्रार्थनेत बहुधा उद्याच्या जेवणाचा उल्लेख असणार. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर मागितलेलीच आहे.

दरबाराला फार आयुष्य मिळाले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

पन्नाशीनंतरची लेखिका

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नास वर्षांच्या होत्या. हाती पैसा नाही. काही काळ मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी सांभाळली, पुढे काही वर्षे कराचीत काढली, आणि अखेर त्या नाशिकला देवदत्तांकडे आल्या.

टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते. सुरुवातीचे अध्याय झाले आणि ते गेले. उरलेले काम शाळेची पायरी न चढलेल्या बायकोने हाती घेतले. तिने चौसष्ट अध्याय लिहिले, म्हणजे टिळकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या काव्याचा बहुतेक भाग तिचा आहे. पाठ्यपुस्तकांतून हे फारसे सांगितले जात नाही.

'स्मृतिचित्रे'ही अशीच दुसऱ्याच्या कामासाठी सुरू झाली. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याविषयी लिहायला घेतले आणि मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र तयार झाले. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे चार भाग आले. मीठ धुणारे वडील, पळून जाणारा नवरा, पाहुण्यांनी भरलेले घर, सगळे त्यात आहे, आणि कुणावरही राग काढलेला नाही. सर्वाधिक हसू आहे ते स्वतःवर. टिळकांच्या उदारपणाची थट्टाही त्यांनीच केली आणि त्या उदारपणाला बट्टा लागू दिला नाही.

पुढे ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी १९५० मध्ये आणि शांता गोखले यांनी २०१७ मध्ये हे पुस्तक इंग्रजीत नेले. लक्ष्मीबाईंच्या कवितांचा संग्रह 'भरली घागर' १९५१ मध्ये निघाला.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. जिथे जन्मल्या तिथून काही मैलांवर. 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग अपुराच राहिला होता. 'ख्रिस्तायन' मात्र त्यांनी पुरे केले होते. छापून आले ते १९३८ मध्ये.