केन जोन्स : हातचे सुवर्ण गेले, वेल्सचा विजय मात्र टिकला

लंडनच्या वेंब्ली मैदानावर ७ ऑगस्ट १९४८ रोजी ऑलिंपिकमधील पुरुषांच्या ४ गुणिले १०० मीटर रिले शर्यतीची अंतिम फेरी झाली. अमेरिकेचा संघ सर्वांच्या पुढे, स्पष्ट अंतराने, पल्ला पार करून गेला. त्याच्या मागोमाग ब्रिटनचा शेवटचा धावपटू आला. हा सव्वीस वर्षांचा तरुण म्हणजे वेल्सचे केन जोन्स. परंतु निकाल जाहीर झाला तो वेगळाच. अमेरिकेच्या बार्नी इवेल यांनी लॉरेन्झो राइट यांच्या हाती बॅटन दिली ती ठरवून दिलेल्या पट्ट्याच्या बाहेर, असे पंचांचे म्हणणे पडले. अमेरिका बाद झाली आणि सुवर्णपदके ब्रिटनच्या चौघांना मिळाली.

हे सुवर्ण तीन दिवसच टिकले. अमेरिकेने हरकत घेतली, शर्यतीची चित्रफीत तपासण्यात आली आणि बॅटनची अदलाबदल नियमात बसणारीच होती हे पडद्यावर दिसले. पंचांचा निर्णय फिरला व ब्रिटिश धावपटूंना सुवर्णपदके परत करून रौप्यपदके घ्यावी लागली. निर्णय न्याय्य होता याबद्दल वाद नाही. अमेरिकेने ती शर्यत खरोखरच जिंकली होती. तरीही जॅक आर्चर, जॅक ग्रेगरी, ॲलिस्टर मॅकॉरकोडेल आणि केन जोन्स या चौघांनी अल्पकाळ का होईना ऑलिंपिक विजेतेपद अनुभवले आणि नंतर ते सोडून दिले. यांतील मॅकॉरकोडेल हे पुढे प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले. जोन्स यांचे नाव मात्र धावपट्टीपेक्षा रग्बीच्या मैदानावर अधिक मोठे झाले.

केनेथ जेफ्री जोन्स यांचा जन्म ३० डिसेंबर १९२१ रोजी आग्नेय वेल्समधील ब्लेनाव्हन या गावी झाला. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या यांवर उभे राहिलेले हे डोंगराळ गाव. आज तेथील औद्योगिक परिसराची गणना युनेस्कोच्या जागतिक वारशात होते. शेजारच्या पाँटीपूल येथील शाळेत शिकत असतानाच त्यांचा वेग लोकांच्या नजरेत भरला. पुढे शिक्षकी पेशाचे शिक्षण घेण्यासाठी ते चेल्टनहॅमला गेले. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांच्या उमेदीच्या वर्षांची दिशाच बदलली.

ब्रिटिश हवाई दलात दाखल झालेल्या जोन्स यांची रवानगी भारतात झाली. वेल्समधील रग्बीप्रेमींना त्यांचे नाव माहीत होण्याआधी, १९४५ साली, त्यांनी येथे १०० मीटरची अखिल भारतीय अजिंक्यपदाची शर्यत जिंकली होती. पुढच्या काळात त्यांच्या नावापुढे इतके काही जमा झाले, की भारतातील हा विजय त्यांच्या चरित्रात एखाद्या ओळीपुरताच उरतो.

युद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय रग्बी पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी १९४७ मध्ये कार्डिफ येथे इंग्लंडविरुद्ध जोन्स यांनी वेल्सची लाल जर्सी प्रथम परिधान केली. तो सामना वेल्सने गमावला. जोन्स यांचे स्थान मात्र पक्के झाले. त्यानंतर सुमारे दहा वर्षे वेल्सचा एकही सामना त्यांच्याविना झाला नाही.

ते उजव्या विंगला खेळत. रग्बीत चेंडू हातात घेऊन धावायचे असते, पण तो सहकाऱ्याकडे पुढे फेकता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. त्यामुळे मैदानाच्या अगदी कडेला उभ्या असलेल्या विंगरपर्यंत चेंडू पोहोचेपर्यंत तो अनेकांच्या हातांतून गेलेला असतो, आणि कित्येकदा पोहोचतही नाही. त्या काळची रग्बी तर चिखलातली, आघाडीच्या फळीच्या रेटारेटीची. जोन्स यांनी ४४ आंतरराष्ट्रीय सामन्यांत वेल्ससाठी १७ ट्राय केले. आजच्या विंगरांच्या तुलनेत हा आकडा लहान वाटतो. परंतु त्यांच्या वाट्याला किती कमी चेंडू येत हे लक्षात घेतले, तर त्या आकड्यामागची गुणवत्ता उमगते.

१९५० हे वर्ष वेल्ससाठी वैभवाचे आणि शोकाचेही ठरले. ११ मार्च रोजी बेलफास्ट येथे आयर्लंडला ६-३ असे हरवून वेल्सने १९११ नंतर प्रथमच ट्रिपल क्राउन मिळवला. वेल्सच्या दोन ट्रायपैकी एक जोन्स यांचा, दुसरा माल्कम थॉमस यांचा. दुसऱ्या दिवशी हा विजय पाहून परतणाऱ्या वेल्श प्रेक्षकांचे विमान लँडाउ येथे उतरताना कोसळले. विमानातील ८३ जणांपैकी ८० जण मृत्युमुखी पडले. तोवरच्या जगातील विमान अपघातांमध्ये एवढी जीवितहानी झालेली नव्हती. त्या महिन्याच्या अखेरीस कार्डिफमध्ये फ्रान्सला पराभूत करून वेल्सने ग्रँड स्लॅमही पूर्ण केला. सामन्यापूर्वी मैदानावर मृतांना मानवंदना देण्यात आली.

त्याच वर्षी ब्रिटिश बेटांच्या निवडक संघातून जोन्स न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले. न्यूझीलंडविरुद्धची कसोटी मालिका पाहुण्यांनी गमावली. मात्र ऑकलंड येथील चौथ्या कसोटीत जोन्स यांनी केलेला ट्राय न्यूझीलंडचे प्रेक्षकही पुढे वर्षानुवर्षे आठवत राहिले. लुईस जोन्स यांनी आपल्याच गोलरेषेजवळून मुसंडी मारली आणि प्रतिस्पर्धी अंगावर येताच चेंडू केन यांच्याकडे सोपवला. पाठलागावर होते पीटर हेंडरसन, जे स्वतः शर्यतीतले धावपटू. अंतर काही मिटले नाही.

दोन वर्षांनी ट्विकनहॅमवर इंग्लंडने ६-० अशी आघाडी घेतली असताना जोन्स यांनी दोन ट्राय करून सामना ८-६ असा फिरवला. त्यांपैकी पहिल्याची वाट तरुण क्लिफ मॉर्गन यांनी मोकळी करून दिली होती. या विजयापासून १९५२ च्या ग्रँड स्लॅमची सुरुवात झाली.

तथापि जोन्स यांचे नाव ज्या एका क्षणाशी कायमचे जोडले गेले, तो १९ डिसेंबर १९५३ चा. कार्डिफ आर्म्स पार्कवर समोर न्यूझीलंडचा संघ होता. बदली खेळाडू उतरवण्याची सोय त्या काळी नव्हती. वेल्सचे गॅरेथ ग्रिफिथ्स खांदा निखळल्यानंतरही मैदानात परतले होते, तर कर्णधार ब्लेदिन विल्यम्स पायाच्या दुखापतीने लंगडत होते. सामन्याच्या मोठ्या भागावर पाहुण्यांचे वर्चस्व राहिले. ग्विन रोलंड्स यांच्या पेनल्टीने ८-८ अशी बरोबरी झाली, तेव्हा थोडीच मिनिटे उरली होती. डाव्या कडेला कोंडीत सापडलेल्या क्लेम थॉमस यांनी अचानक चेंडू मैदानाच्या रुंदीवरून आडवा, उजवीकडे लाथेने भिरकावून दिला. रग्बीचा लंबगोल चेंडू जमिनीवर आपटल्यावर कोठे उसळेल याचा नेम नसतो. त्या दिवशी तो वेल्सच्या बाजूने उसळला. न्यूझीलंडचे रॉन जार्डन त्याच्याकडे झेपावत होते. जोन्स यांनी त्यांच्या आतल्या बाजूने चेंडू उचलला, बचावफळीला हुलकावणी दिली आणि गोलखांबांजवळ ट्राय केला. रोलंड्स यांनी त्यावर दोन गुण जोडले. वेल्स १३, न्यूझीलंड ८.

त्या विजयाला सात दशके उलटली. वेल्सच्या रग्बीत मधल्या काळात सुवर्णयुगे आली आणि गेली, थोर खेळाडूंच्या पिढ्या होऊन गेल्या. परंतु न्यूझीलंडला पुन्हा हरवणे वेल्सला आजवर जमलेले नाही.

पुढचे आठ महिने जोन्स यांच्या कारकिर्दीतील सर्वांत भरगच्च म्हणावे लागतील. एप्रिल १९५४ मध्ये स्वॉन्झी येथे स्कॉटलंडविरुद्ध त्यांनी वेल्सचे नेतृत्व केले आणि सामना जिंकला. उन्हाळ्यात व्हँकुव्हर येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत २२० यार्ड शर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्याच महिन्यात बर्न येथील युरोपीय स्पर्धेत ते ब्रिटिश संघाचे कर्णधार होते, आणि रिलेमध्ये त्यांना पुन्हा रौप्यपदक मिळाले. वय बत्तीस, वेगवान धावपटू एव्हाना निवृत्त झालेले असतात. त्या वर्षी बीबीसीने वेल्समधील सर्वोत्तम क्रीडापटूचा पुरस्कार सुरू केला. त्याचे पहिले मानकरी जोन्सच ठरले.

हे सारे हौशी खेळाडू म्हणून. रग्बी युनियन खेळून तेव्हा एक पैसाही मिळत नसे. त्यांचे सहकारी लुईस जोन्स यांच्याप्रमाणे काहींनी पैसे देणाऱ्या रग्बी लीगची वाट धरली. केन मात्र युनियनमध्येच राहिले आणि न्यूपोर्ट क्लबसाठी अनेक हंगाम खेळले.

जानेवारी १९५७ मध्ये इंग्लंडविरुद्ध निवड समितीने त्यांना वगळले, आणि सलग ४३ सामन्यांची साखळी तुटली. त्यांच्या जागी आलेल्या कीथ मॅडक्स यांच्याविरुद्ध ऑफसाइडचा निर्णय गेला, मिळालेल्या पेनल्टीवर इंग्लंडने ३-० असा विजय मिळवला. मॅडक्स पुन्हा वेल्ससाठी खेळले नाहीत. पुढच्या सामन्यात जोन्स यांना परत बोलावण्यात आले. एडिंबरा येथे स्कॉटलंडविरुद्ध झालेला तो त्यांचा चव्वेचाळिसावा आणि शेवटचा सामना, आणि तोही वेल्सने गमावला. वेल्ससाठी सर्वाधिक सामन्यांचा त्यांचा विक्रम १९७६ मध्ये गॅरेथ एडवर्ड्स यांनी मोडला.

१९५८ साली राष्ट्रकुल स्पर्धा कार्डिफला भरली, तेव्हा राणीचा संदेश वाहून नेणारी बॅटन प्रथमच लंडनहून दौडत आणण्यात आली. आर्म्स पार्कमध्ये ती घेऊन येणारा शेवटचा धावपटू कोण, हे आधी गुप्त ठेवण्यात आले होते. जोन्स धावत आत आले आणि त्यांनी ती प्रिन्स फिलिप यांच्या हाती दिली. याच हिरवळीवर साडेचार वर्षांपूर्वी त्यांनी जार्डन यांच्या आतून चेंडू उचलला होता.

खेळ थांबल्यावर ते एका रविवारच्या इंग्रजी वृत्तपत्रासाठी रग्बीवर दीर्घकाळ लिहीत राहिले. १८ एप्रिल २००६ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २०१३ मध्ये ब्लेनाव्हन येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.