एका वर्षासाठी चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस तिथल्या युद्ध रुग्णालयाचे संचालक कसे झाले?

डॉ. कोटणीस म्हटलं की व्ही. शांतारामांचा १९४६ चा सिनेमा आठवतो. बॉम्ब पडतायत, जखमी येतायत आणि डॉक्टर अहोरात्र ऑपरेशन करतायत. ते सगळं घडलंच. पण आघाडीवर गेलेल्या माणसाचे सगळेच दिवस असे नसतात. वाट बघणं, भाषा शिकणं, वह्या लिहिणं, दवाखान्याचा कारभार बघणं यातही बराच काळ जातो. द्वारकानाथ कोटणीसांचं मोठेपण या भागात जास्त कळतं आणि सांगितलं जातं ते कमी.

जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. डॉक्टरकी मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला, तेव्हा चीनचे सेनानी झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकांकडून पैसे गोळा झाले आणि १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून पाच डॉक्टर बोटीने निघाले. अटल, बसू, मुखर्जी, नागपूरचे चोळकर आणि कोटणीस. ठरलं होतं वर्षभराचं.

चीनमध्ये उतरल्यावर मात्र मुक्काम हलत राहिले. शहरं एकामागून एक जपान्यांच्या हाती जात होती. वुहानहून यिचांग, तिथून चुंगकिंग. कोटणीसांना कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीकडे, म्हणजे येनानला जायचं होतं. परवानगी चांग कै शेकच्या सरकारकडे आणि ती काही लवकर मिळेना. मग चुंगकिंगमध्ये बसून राहणं आलं. याच रिकाम्या दिवसांत भाषेचे धडे सुरू झाले. पाचही जणांनी आपापल्या चिनी नावात 'हुआ' हे अक्षर घेतलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'.

तिथंच घरून बातमी आली, वडील गेले. घरची ओढाताण कोटणीसांना माहीत होती. परत जायची मुभा होती आणि कुणी नाव ठेवलं नसतं. ते गेले नाहीत.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. पुढे चोळकर आणि मुखर्जी भारतात परतले, नंतर अटलही. बसू येनानला राहिले. कोटणीस १९४० मध्ये हपे प्रांताच्या डोंगराळ भागात, शत्रूच्या पिछाडीला असलेल्या तळावर पोहोचले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून आदल्या वर्षी तिथंच वारले होते. ऑपरेशन करताना बोट कापलं आणि रक्तात विष भिनलं. त्यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत कोटणीस सर्जरी शिकवू लागले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले.

आता हे पद ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात दवाखाना म्हणजे तांग तालुक्यातल्या गेगोंग गावची घरं. जपान्यांची मोहीम आली की सगळं उचलायचं, डोंगरात शिरायचं. औषधं आणायची तर नाकेबंदी चुकवून. आणि लढाई थांबली की शिकवणी. विद्यार्थी खेड्यातली पोरं. त्यांना इंग्रजी पुस्तकं काय कामाची? म्हणून कोटणीसांनी चिनी भाषेतच शिकवायला घेतलं. दोन वर्षांपूर्वी ज्याला बाजारात भाव विचारता येत नव्हता, तो आता चिनी लिपी लिहीत-वाचत होता. त्यांच्या नोट्समधून सर्जरीचं एक पुस्तक तयार झालं. मग दुसरं सुरू केलं.

इथंच क्वो छिंगलान भेटल्या. पेकिंगच्या मोठ्या रुग्णालयात काम केलेल्या, इथं नर्सिंग शिकवणाऱ्या. पहिली भेट बेथ्यूनच्या समाधीच्या कार्यक्रमात झाली. १९४१ च्या अखेरीस लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत.

कोटणीसांना फिट्स येत होत्या. उपचारांसाठी तळ सोडून बाहेर जायचा सल्ला मिळाला, पण काम टाकून जायला ते तयार नव्हते. ९ डिसेंबर १९४२ ला पहाटे ते गेले. वय ३२, मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरं पुस्तक अर्धंच राहिलं.

यिनहुआही डॉक्टर व्हायला निघाला होता. १९६७ मध्ये, शिकत असतानाच तो वारला. छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. कोटणीसांची समाधी श्रजियाच्वांगच्या हुतात्मा उद्यानात आहे. बेथ्यूनचीही तिथंच आहे.