जयाजीराव महाराज आणि जयविलास

उज्जैनच्या चौकातील गोपाळ मंदिर बायजाबाईसाहेब शिंदे यांनी बांधविले, हे आपल्याकडील जुन्या घराण्यांतील मुलांनाही ठाऊक असते. मंदिराची घडण मराठी वळणाची आहे. बायजाबाईंचे दत्तक नातू जयाजीराव यांनी ग्वाल्हेरीस उभारलेल्या जयविलास प्रासादात पाऊल टाकले, की मात्र इटलीतील एखाद्या उमरावाच्या वाड्यात आल्याचा भास होतो. आजी व नातू यांच्या बांधकामांतील हे अंतर केवळ आवडीनिवडीचे नव्हे.

जयाजीरावांचा जन्म 1834 चा. जनकोजीराव 1843 साली निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांच्या अल्पवयीन पत्नी ताराबाई यांनी या मुलास दत्तक घेतले. त्याच वर्षी 29 डिसेंबरला महाराजपूर व पनियार येथे शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला. त्यामुळे राज्य हाती आले, ते पंख कापलेले. दिनकरराव राजवाडे 1852 साली दिवाण झाले आणि त्यांनी कारभाराची घडी बसविली.

पुढे सत्तावनचे वादळ उठले. महाराज इंग्रजांच्या बाजूस राहिले. जून 1858 मध्ये तात्या टोपे व झाशीची राणी ग्वाल्हेरीवर आली, तेव्हा महाराजांचीच फौज त्यांना जाऊन मिळाली आणि महाराजांना आग्र्याची वाट धरावी लागली. इंग्रजांनी त्यांना पुन्हा गादीवर बसविले. ग्वाल्हेरचा किल्ला मात्र स्वतःकडे ठेवला. ज्यांच्यासाठी आपल्याच माणसांचा रोष ओढवून घेतला, त्यांचे निशाण रोज डोक्यावर पाहावे, ही सल लहान नव्हती.

त्या किल्ल्याच्या पायथ्याशी, लष्करात, 1874 साली जयविलास पुरा झाला. प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्याचे वेध तेव्हा लागले होते. रचनाकार मायकेल फिलोज हे महादजींच्या काळापासून शिंद्यांच्या चाकरीत असलेल्या नेपल्सकडील घराण्यातले. त्यांनी खालचा मजला टस्कन, मधला इटालियन डोरिक आणि वरचा कॉरिंथियन धाटणीचा केला. दरबार महालात सुमारे साडेतीन टनांची एकेक, अशी दोन झुंबरे आहेत. छत हा भार पेलील की नाही, हे पाहण्यासाठी त्यावर हत्ती चढविले होते, असे सांगतात. पाहुण्यांच्याच भाषेत त्यांच्या बरोबरीने बोलणारी ही वास्तू होती. गड हातचा गेलेल्या राजाला मान राखण्याचा तोच एक मार्ग उरला असावा.

पण भिंती इटालियन झाल्या तरी दरबारचे सूर ग्वाल्हेरचेच राहिले. हद्दूखाँ यांच्यासारख्या गवयांना या दरबाराचा आश्रय होता आणि तेथूनच ख्याल महाराष्ट्रात उतरला. आग्रा-ग्वाल्हेर व इंदूर-नीमच या लोहमार्गांसाठी महाराजांनी सरकारला प्रत्येकी 75 लाखांचे कर्ज दिले.

अखेर झाशी शहराच्या मोबदल्यात 1886 साली किल्ला परत मिळाला. त्याच वर्षी 20 जूनला महाराज निवर्तले. पुत्र माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. अठ्ठावीस वर्षे ज्याची वाट पाहिली, त्या गडाचा उपभोग त्यांना फारसा लाभला नाही.

जयविलासच्या काही भागात 1964 पासून संग्रहालय आहे. तेथे जाणाऱ्याने झुंबरे अवश्य पाहावीत. पण बाहेर पडल्यावर एकवार मान वर करून किल्ल्याकडेही पाहावे. प्रासादाचा अर्थ तेथे उलगडतो.