डॉ. जॉन लँगडन डाउन: ज्यांच्या नावाने डाउन सिंड्रोम ओळखला जातो

बाळाच्या कॅरिओटाइप रिपोर्टमध्ये ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे दिसली, की बहुतेक आईवडिलांना पहिला प्रश्न पडतो तो आपले काय चुकले हाच. तुम्हालाही तो पडला असेल, तर या आजाराला ज्यांचे नाव मिळाले त्या डॉक्टरांची गोष्ट जाणून घ्या. कारण शोधताना तेही चुकले होते.

जॉन लँगडन डाउन यांचा जन्म १८२८ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या टॉरपॉइंट गावी झाला. लहान वयातच ते वडिलांच्या दुकानात काम करू लागले. पुढे लंडनला जाऊन १८५६ मध्ये ते डॉक्टर झाले. मोठ्या रुग्णालयात नाव कमावण्याची संधी असताना १८५८ मध्ये त्यांनी अर्ल्सवुड येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या संस्थेची जबाबदारी घेतली. तिथे त्यांनी मारहाण बंद केली, स्वच्छतेवर भर दिला आणि मुलांना हस्तकला शिकवल्या.

१८६६ मध्ये त्यांनी एकसारखी लक्षणे असलेल्या मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही स्थिती जन्मजात असते आणि शिकवल्यास ही मुले प्रगती करतात, हे त्यांनी अचूक टिपले. मात्र चेहऱ्यावरून त्यांनी या मुलांना मंगोल वंशाचे नाव दिले आणि कारण म्हणून आईवडिलांच्या क्षयरोगाकडे बोट दाखवले. दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरल्या.

१८६८ मध्ये पत्नी मेरी यांच्यासोबत त्यांनी नॉर्मन्सफील्ड ही संस्था सुरू केली. तिथे १८७९ मध्ये नाट्यगृहही उघडले. १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९०५ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या नातवाला, जॉनला, हाच आजार होता.

खरे कारण कळायला १९५९ साल उजाडले. फ्रान्समध्ये लेज्यून, गोतिए आणि तुर्पें यांनी या मुलांच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असल्याचे दाखवले. पुढे वंशाचे नाव मागे पडून डाउन सिंड्रोम हे नाव रूढ झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी नीट वेगळी न झाल्याने ही जादा प्रत येते. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते, पण तरुण आईच्या बाळातही हे घडते. ग्रहण, खाणेपिणे किंवा कुणाची नजर यांचा यात काही संबंध नाही.

३ ते ४ टक्के मुलांमध्ये जादा प्रत दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेली असते. अशा वेळी पुढच्या गर्भधारणेआधी आईवडिलांनीही कॅरिओटाइप तपासणी करून घ्यावी. काही दुर्मीळ आजारांत गुणसूत्राचा फक्त एक तुकडा दुप्पट होतो. त्याची लक्षणे वेगळी असतात. म्हणून रिपोर्ट जनुकतज्ज्ञांकडून समजून घ्या.

डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो. त्यामुळे टूडी एको लवकर करा. थायरॉइड, कान आणि डोळ्यांची तपासणी नियमित ठेवा. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी सुरू करायला मूल मोठे होण्याची वाट पाहू नका. कारणाबाबत डॉ. डाउन चुकले, पण या मुलांना शिकवता येते हे त्यांचे म्हणणे आजही खरे आहे.